रोग रेड्याला, औषध पखालीला

आपल्या भाषेतील ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही जुनी म्हण आज फारशी कानावर येत नाही; कारण पाठीवर पाण्याची पखाल वाहणारा रेडाच आता गल्लीतून दिसेनासा झाला आहे. परंतु त्या म्हणीत ज्या वृत्तीचा उपहास केलेला आहे, ती वृत्ती मात्र नाहीशी झालेली नाही. तिने केवळ आपले ठिकाण बदलले असून ती आता संगणकाच्या मेजापाशी येऊन बसली आहे. एखादा प्रोग्राम आपल्या सर्व्हरशी जोडला जात नाही असे दिसताच तो काढून टाकावयाचा आणि पुन्हा घालावयाचा. तेवढ्याने भागले नाही तर सगळा संगणकच पुसून नवा करावयाचा. हा जो सर्वत्र रूढ झालेला उपाय आहे, तो या म्हणीचे आजचे उदाहरण होय, असे आमचे मत आहे. हे मत आम्ही येथे सप्रमाण मांडू इच्छितो.

विवेचन नेमके व्हावे म्हणून आपण एकच उदाहरण घेऊ. लिनक्सवर चालणारा थंडरबर्ड हा ई-मेल वाचण्याचा व पाठविण्याचा प्रोग्राम पुष्कळांच्या परिचयाचा आहे. तो उघडावा, नवी पत्रे मागवावीत, आणि पत्रांऐवजी पडद्यावर एक लहानशी सूचना यावी की सर्व्हरशी संबंध जोडता आला नाही. आता पुढे काय करावयाचे? बहुतेक जण प्रथम ती सूचना बंद करतात. ती वाचून नव्हे, तर वाचावयाच्या आधीच! आमच्या मते सारी चूक येथेच घडते. रोग्याने आपले दुखणे सांगावयास तोंड उघडावे आणि वैद्याने त्याच्या तोंडावर हात ठेवावा, तसा हा प्रकार आहे.

वास्तविक ही सूचना एकाच प्रकारची नसते. तिचे मुख्यतः तीन प्रकार आहेत, आणि त्यांचे अर्थ एकमेकांपासून सर्वस्वी भिन्न आहेत. पहिली सूचना सांगते की त्या नावाचा सर्व्हर सापडलाच नाही. दुसरी सांगते की सर्व्हरने संबंध जोडण्यास नकार दिला. इंग्रजीत तिच्यात ‘रिफ्यूज्ड’ हा शब्द असतो. तिसरी सांगते की वाट पाहण्याची मुदत संपली, तरी उत्तर आले नाही. तिच्यात ‘टाइम्ड आउट’ हे शब्द असतात. एखाद्या घरी आपण निरोप घेऊन गेलो आहोत अशी कल्पना करावी. पहिल्या प्रसंगी आपल्याला घराचा पत्ताच मिळालेला नाही. दुसऱ्या प्रसंगी आपण दारापर्यंत पोहोचलो, दार ठोठावले, आणि आतून स्पष्ट ‘नाही’ असे उत्तर आले. तिसऱ्या प्रसंगी आपण हाका मारीत राहिलो, पण आतून ना होकार आला ना नकार. कदाचित आपली हाक वाटेतच कोणी अडविली असेल. नकार आणि मौन यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर या दोन सूचनांत आहे. नकार आला याचा अर्थ बहुधा असा की वाट मोकळी आहे, समोरचा संगणक जागा आहे, परंतु आपण ज्या दारावर थाप मारली त्या दारामागे कोणी बसलेले नाही. मौन असेल तर मात्र संशय वाटेवर घ्यावा लागतो.

येथे ‘दार’ हा शब्द आम्ही केवळ अलंकार म्हणून वापरलेला नाही. इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला अशी क्रमांक दिलेली दारे असतात. त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात, आणि त्यांचे क्रमांक ० पासून ६५५३५ पर्यंत जातात. सुरक्षित संकेतस्थळे ४४३ क्रमांकाच्या दाराने बोलतात. थंडरबर्ड आलेली पत्रे आणावयास सामान्यतः ९९३ क्रमांकाच्या दाराशी जातो, आणि पत्रे पाठविताना ४६५ किंवा ५८७ या दारांशी. एवढी गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे एक मोठा गैरसमज आपोआप दूर होतो. “ब्राउझर तर व्यवस्थित चालतो आहे, म्हणजे इंटरनेट ठीक आहे, तेव्हा दोष थंडरबर्डचाच,” असे अनुमान आपण नेहमी ऐकतो. परंतु ब्राउझर चालतो याने फक्त ४४३ क्रमांकाच्या दाराची वाट मोकळी असल्याचे सिद्ध होते. शाळा, वसतिगृहे, कार्यालये यांच्या राउटरवर पुष्कळदा मोजकीच दारे खुली ठेवलेली असतात आणि बाकीची बंद केलेली असतात. अशा ठिकाणी थंडरबर्ड दहा वेळा काढून दहा वेळा घातला, तरी ९९३ ची वाट उघडणार नाही. दुखणे वाटेचे आहे, आणि आपण औषध वाटसरूला पाजीत आहो.

बरे, प्रोग्राम काढून पुन्हा घातल्याने निदान त्याच्या मांडणीतील दोष तरी निघतो काय? लिनक्सवर तेही सहसा घडत नाही. तेथे प्रोग्राम एका ठिकाणी असतो आणि वापरणाराच्या आवडीनिवडी, खाती व साठविलेली पत्रे दुसऱ्या ठिकाणी, त्याच्या स्वतःच्या गृहसंचयात, असतात. त्या संचयाचे नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे तो एरवी दृष्टीस पडत नाही. प्रोग्राम काढला तरी हा संचय जागच्या जागी राहतो, आणि नवा प्रोग्राम येताच तीच जुनी चुकीची मांडणी पुन्हा उचलतो. मग अधीर झालेला मनुष्य तो संचयही पुसून टाकतो. आणि सर्व्हरवर न ठेवता केवळ आपल्या संगणकावर जपलेली पत्रे त्याबरोबर कायमची जातात. इंटरनेट आज ना उद्या सुरू होते. परंतु गेलेली पत्रे, वर्षभर जमविलेली टिपणे आणि प्रकल्पांचे कागद परत येत नाहीत. म्हणून आम्ही या उपायाला नुसता निरुपयोगी म्हणत नाही, घातक म्हणतो.

तर मग योग्य मार्ग कोणता? तो असा की, खालच्या पायरीपासून वर चढावे, आणि प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारावा. लिनक्सवर त्यासाठी लागणारी साधने बहुधा आधीच असतात, नसली तर विनामूल्य मिळतात. पहिला प्रश्न : आपला संगणक राउटरपर्यंत तरी पोहोचतो काय? यासाठी ‘पिंग’ नावाची आज्ञा आहे. माइक मूस या अमेरिकन गृहस्थांनी ती १९८३ च्या डिसेंबरात लिहिली, आणि पाण्याखालील वस्तूचा वेध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या ध्वनीवरून तिला हे नाव दिले. आपण एक हाक घालतो आणि प्रतिध्वनी येतो की नाही ते पाहतो. मात्र काही सर्व्हर या हाकेला मुद्दामच उत्तर देत नाहीत. म्हणून राउटरने ओ दिली तर तो पुरावा समजावा, पण दूरच्या सर्व्हरने ओ दिली नाही तर तेवढ्यावरून तो बंद आहे असा निष्कर्ष काढू नये.

दुसरा प्रश्न : नावावरून पत्ता मिळतो काय? संगणक एकमेकांना अंकांनी ओळखतात, माणसे नावांनी. या दोहोंची सांगड घालणारी नामव्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. त्यापूर्वी सर्व नावांची एकच यादी अमेरिकेतील एका संशोधनसंस्थेत ठेवलेली असे, आणि तिची प्रत इतरांनी उतरवून घ्यावयाची असे. त्या यादीचा वंशज लिनक्समध्ये ‘होस्ट्स’ या छोट्या फाइलीच्या रूपाने आजही नांदतो आहे. ‘डिग’ नावाची आज्ञा थेट नामव्यवस्थेला पत्ता विचारते. परंतु सामान्य प्रोग्राम सहसा आधी ही स्थानिक यादी पाहतात. म्हणून कोणी पूर्वी तीत एखादा पत्ता लिहून ठेवला असेल आणि दरम्यान सर्व्हरने घर बदलले असेल, तर ‘डिग’ खरा पत्ता सांगते आणि प्रोग्राम मात्र जुन्याच घरी जाऊन थाप मारीत बसतो. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ते कोडे वाटत नाही.

तिसरा प्रश्न : हव्या त्या दाराची वाट मोकळी आहे काय? ‘नेटकॅट’ किंवा ‘ओपनएसएसएल’ या साधनांनी थंडरबर्डला मध्ये न घेता ९९३ च्या दारावर थाप मारून पाहता येते. तेथेही मौनच असेल, तर तोच संगणक थोडा वेळ मोबाइलच्या इंटरनेटला जोडून पाहावा. तेथे पत्रे धडाधड येऊ लागली, तर निकाल लागला! संगणक निर्दोष, लिनक्स निर्दोष, थंडरबर्डही निर्दोष. अडसर शाळेच्या वाटेवर आहे. आता उपाय एवढाच की, व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीला ‘इंटरनेट चालत नाही’ अशी मोघम तक्रार न करता ‘९९३ क्रमांकाचे दार बंद आहे, ते उघडावे’ अशी नेमकी विनंती करावी. मोघम तक्रारीला मोघम उत्तर मिळते. नेमक्या विनंतीला एक तर होकार मिळतो, नाहीतर कारणासहित नकार.

चौथा प्रश्न घड्याळाचा आहे, आणि तो ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. दार उघडल्यावर सर्व्हर आपली ओळख पटविण्यासाठी एक प्रमाणपत्र पुढे करतो. त्यावर अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत ग्राह्य, अशी मुदत असते. संगणकातील रुपयाएवढी बॅटरी संपली म्हणजे त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाऊ शकते. मग कालच दिलेले प्रमाणपत्र त्याला भविष्यकाळातले वाटते आणि तो ते नाकारतो. लिनक्स सामान्यतः इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवून घेतो. पण त्यासाठी लागणारे १२३ क्रमांकाचे दार बंद असेल, तर घड्याळ चुकीचेच राहते. अशा वेळी दोष इंटरनेटचा वाटतो, आणि प्रत्यक्षात तो एका लहानशा बॅटरीचा असतो.

प्रमाणपत्रांची मुदत ही काही काल्पनिक अडचण नव्हे. ३० सप्टेंबर २०२१ या दिवशी ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेची प्रमाणपत्रे ज्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर जुन्या उपकरणांत मानली जात होती, त्याची मुदत संपली. जगभर अनेक जुने प्रोग्राम आणि जुनी उपकरणे त्या दिवशी एकाएकी जोडली जाईनाशी झाली. आदल्या दिवशी व्यवस्थित चालणारा प्रोग्राम कोणी हात न लावता बंद पडला, हे पाहून कित्येकांनी तो पुन्हा घालून पाहिला असेल. पण लिनक्सवरील पुष्कळ प्रोग्राम विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी स्वतःजवळ न बाळगता सिस्टिमकडून घेतात. ती यादी आणि सिस्टिमची संबंधित साधने अद्ययावत करणे हाच तेथे खरा उपाय होता. थंडरबर्ड आपली यादी स्वतःच बाळगतो; म्हणून अशा प्रसंगी एक प्रोग्राम चालतो आणि दुसरा चालत नाही, असे चमत्कारिक दृश्य दिसते. कारण समजले म्हणजे त्यात चमत्कार उरत नाही.

या सर्व पायऱ्या चढून वर आल्यावरच नाव व पासवर्ड यांचा प्रश्न येतो. तेथेही काळ बदललेला आहे. ३० मे २०२२ पासून गूगलने केवळ नाव आणि नेहमीचा पासवर्ड मागणाऱ्या बाहेरच्या प्रोग्रामांना प्रवेश देणे बंद करण्यास आरंभ केला. जुन्या पद्धतीने मांडलेल्या खात्यात पासवर्ड अगदी बरोबर असूनही तो चुकीचा ठरू लागला. अशा वेळी तोच पासवर्ड पुनःपुन्हा लिहीत बसण्यात अर्थ नाही. खात्याच्या मांडणीत ओळख पटविण्याची नवी पद्धत निवडावी लागते.

आमच्या या प्रतिपादनावर काही आक्षेप येतील, याची आम्हांस जाणीव आहे. कोणी म्हणेल, “प्रोग्राम पुन्हा घातल्याने कधीकधी काम होतेच की!” होते, हे आम्ही नाकारीत नाही. एखादी फाइल खरोखरच बिघडलेली असेल तर तो उपाय योग्यच आहे. पण कारण न कळता बरा झालेला रोग पुन्हा उद्भवला, की आपण पूर्वीइतकेच असहाय असतो. दुसरा कोणी म्हणेल, “सर्वच मुलांना काही संगणकाचे तज्ज्ञ व्हावयाचे नाही.” हेही खरे आहे. परंतु जो पुढे शेतीचा पंप चालवील, जी दवाखान्यात परिचारिका होईल, जो न्यायालयात साक्षीपुरावा तपासील, त्या प्रत्येकाला ‘काय घडले’ आणि ‘का घडले’ यांतील भेद कळावयास हवा. एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहण्याची सवय हवी. प्रयोगशाळेत आपण मुलांना हेच शिकवितो. मग संगणकाच्या खोलीत पाऊल टाकताच ते शिक्षण उंबऱ्याबाहेर का ठेवावे?

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आमच्यासारख्या मराठी माध्यमाच्या शाळांना विशेषेकरून लागू आहे. या सूचना इंग्रजीत असतात. आमची मुले त्या पाहून बुजतात आणि न वाचताच बंद करतात. हे खरे आहे, आणि ते पाहून आम्हांस खेद होतो. पण यावर उपाय सूचनेपासून पळणे हा नव्हे. जोडणीच्या बिघाडात वारंवार येणारे इंग्रजी शब्द मोजून वीसपंचवीस भरतील. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे नकार, ‘टाइम्ड आउट’ म्हणजे मुदत संपली, ‘अननोन होस्ट’ म्हणजे अनोळखी नाव, ‘एक्स्पायर्ड’ म्हणजे मुदतबाह्य, ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे परवानगी नाही. एवढा छोटासा कोश मराठी अर्थासह संगणकाच्या खोलीतील भिंतीवर लावावयास किती खर्च येईल? सीमेवरच्या आमच्या मुलांना घरी एक, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा वापरण्याची सवय आहे. त्यांना हे पंचवीस शब्द जड जातील असे मानणे हा त्यांच्या बुद्धीचा अवमान आहे.

आणि हे सारे शिकण्यास लिनक्ससारखे दुसरे साधन नाही. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा जगापुढे ठेवला; रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ‘ग्नू’ योजनेतील साधने त्याला येऊन मिळाली. त्यातील कोणतीही गोष्ट पाहण्यास मज्जाव नाही. थंडरबर्ड टर्मिनलमधून सुरू केला, तर एरवी पडद्याआड राहणाऱ्या त्याच्या काही तक्रारी डोळ्यांपुढे उमटतात. सिस्टिमने ठेवलेली रोजनिशी वाचता येते. केरळ राज्याने २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ ही योजना सुरू केली, पुढे शालेय संगणक-शिक्षणासाठी मुक्त सॉफ्टवेअरचा अंगीकार केला, आणि २०१७ साली त्या योजनेचे ‘काइट’ या संस्थेत रूपांतर केले. मातृभाषेतून शिकणाऱ्या मुलांना लिनक्स पेलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या राज्याकडे पाहावे.

एक धोक्याची सूचना मात्र आम्ही दिल्यावाचून राहू शकत नाही. घाईत असलेल्या माणसाला मोफत सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. “फायरवॉल बंद कर”, “प्रमाणपत्राची तपासणी काढून टाक”, “ही आज्ञा सर्वाधिकार घेऊन चालव”, असे ते सांगतात. आणि तसे केल्यावर प्रोग्राम कदाचित जोडलाही जातो. परंतु दाराची किल्ली सापडत नाही म्हणून दारच उखडून टाकण्यासारखे हे शहाणपण आहे. ज्या आज्ञेचा अर्थ आपणांस सांगता येत नाही, ती आज्ञा आपण चालवू नये, एवढा नियम प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःला घालून घ्यावा.

म्हणून शाळाचालकांना आणि शिक्षकबंधुभगिनींना आमची एक साधी सूचना आहे. संगणकाच्या खोलीत एक जाड वही ठेवावी. बिघाड झाला की विद्यार्थ्याने तीत दिनांक लिहावा, पडद्यावरची सूचना अक्षरशः उतरवून घ्यावी, कोणती पायरी तपासली आणि काय आढळले ते नोंदवावे, आणि अखेरीस कारण सापडल्यास तेही लिहावे. सूचना उतरवून घेतल्याशिवाय कोणताही प्रोग्राम काढावयाचा नाही, आणि प्रत ठेवल्याशिवाय कोणताही संचय पुसावयाचा नाही, असे दोन नियम त्या वहीच्या पहिल्या पानावर असावेत. दोनतीन वर्षांत ती वही त्या शाळेपुरती कोणत्याही छापील पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी ठरेल. कारण तीत त्याच शाळेचे राउटर, तेच संगणक आणि त्याच मुलांचे अनुभव असतील.

विद्यार्थिमित्रहो, पुढच्या वेळी संगणक तुम्हांला ‘जोडता आले नाही’ असे सांगेल, तेव्हा त्याच्यावर रागावू नका आणि ती चौकटही झटकन मिटवू नका. लेखणी उघडा, ते शब्द लिहून घ्या, आणि विचारा : पत्ताच मिळाला नाही, नकार आला, की उत्तरच आले नाही? हा प्रश्न ज्याला विचारता येतो, त्याचे निम्मे काम तेथेच झालेले असते.